कुंकवाची काळी तीन

दसऱ्याला आमच्या घरी तराजूची पूजा होते, विळ्या-खुरप्यांची होते, फवारणीच्या पंपाची होते आणि पेटीची होते. पेटी म्हणजे हार्मोनियम. पण कुंकू सगळ्या पेटीला लागत नाही. मधल्या सप्तकातली तिसरी काळी पट्टी, फक्त तिलाच. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अनामिकेने तिच्यावर ठिपका देतात, वर अक्षता टाकतात आणि डोळे मिटून हात जोडतात. अक्षतेचा एखादा दाणा फटीत शिरतो आणि तो सूर पुढे वर्षभर खोकत राहतो. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही काहीतरी नजरेबिजरेची भानगड असेल.

ती इज्जतीची भानगड होती. आमच्या गुडीहत्नूरच्या भागात, सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, गावोगाव मराठी खंजिरी भजनाची मंडळं आहेत आणि प्रत्येक मंडळाची आपली पट्टी आहे, म्हणजे गाण्याचा ‘सा’ जिथे धरायचा ती जागा. बाप्या माणसाच्या गळ्याला काळी एक सोयीची, काळी दोन जरा ताणाची, आणि काळी तीन म्हणजे मानेच्या शिरा बाहेर. आमच्या मंडळाचा मान त्या शिरांवरच उभा आहे. शेजारच्या गावचं मंडळ म्हाताऱ्यांच्या सोयीसाठी काळी दोनवर उतरलं, तेव्हा मामाजी ओट्यावर बसून म्हणाले होते, “आता उरलं काय त्यायचं? पागोटं काढून हातात घेतलं त्यायनं.”

मी संगीताची शिक्षिका आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितलंय, की आता सांगताना मलाच ते अर्ज केल्यासारखं वाटतं. माहेर नांदेडकडचं, लहानपणी पेटी शिकले, परीक्षाही दिल्या. सासरी भाजीपाल्याचा मळा आणि बाजारात बसायची जागा. घरात माझ्या संगीताचा उपयोग एवढाच, की मंडळाची तालीम चालू असली की आतून चहा कोणत्या कडव्याला पाठवायचा हे मला न सांगता कळतं. मंडळात बायका बसत नाहीत.

शाळेत तरी मी गाते, असं तुम्हाला वाटेल. हायवेवरची खासगी शाळा आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गाला संगीताचा तास असतो, म्हणजे वेळापत्रकात असतो. मी पेटी उघडून पहिला सूर धरते, तेवढ्यात गणिताचे सर दारात उभे राहतात. “मॅडम, आजचा पिरेड देता का? पोर्शन राहून गेला.” मी देते. मग समाजशास्त्रवाले येतात. शाळेत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेले शब्द कोणते म्हणाल, तर ‘हॅलो, माइक टेस्टिंग’. वार्षिक कार्यक्रम आला की मात्र मी एकदम लागते. तेलुगू गाणी मी देवनागरीत लिहून शिकवते, आणि आठवीच्या मुली पहिल्याच ओळीला हात वर करून म्हणतात, “टीचर, तप्पु!” म्हणजे चुकलं. मी दुरुस्त करते. पुन्हा तप्पु. माझ्या वर्गात शिकणारी मीच एकटी असते, असं कधीकधी वाटतं.

पण त्या तासात एक गोष्ट मी स्वतःच्या डोक्याने केली होती आणि तिचा मला अभिमान होता. आठवी-नववीच्या मुलांचे आवाज फुटतात. कालपर्यंत घंटेसारखा गाणारा मुलगा एक दिवस तोंड उघडतो आणि आतून दार करकरल्यासारखं काहीतरी येतं. वर्ग हसतो, मुलगा लाल होतो आणि जन्मभर गायचं सोडतो. म्हणून मी खिडकीजवळचा मागचा बाक अशा मुलांसाठी ठेवला. तिथे बसणाऱ्याने ताणायचं नाही, खालच्या चार-पाच सुरांतच गुणगुणायचं, तेही नको वाटलं तर बाकावर ताल धरायचा. मुलांनीच त्या बाकाला ‘गॅरेज’ नाव ठेवलं. “टीचर, याची गाडीबी लागली गॅरेजले!” असं ओरडून ती नव्या मुलाला मागे पाठवायची. मी म्हणायची, “गाडी गॅरेजला लागली म्हणजे भंगारात गेली असं नाही रे. मोठं इंजिन बसवून राह्यले.” मुलं हसायची, पण तिथे बसायला लाजायची नाहीत. काही महिन्यांनी एकेक जण नवा, जाड आवाज घेऊन पुढे यायचा.

आमच्या घरचाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. माझ्या दिराचा. घरात मला काकू म्हणायचा, शाळेत मॅडम. दोन्हीकडे ऐकायचा मात्र मामाजींचं, म्हणजे त्याच्या आबांचं. अगदी लहान होता तेव्हापासून मामाजी त्याला मंडळात मांडीजवळ बसवत. काय गळा होता! वरचा सा असा लावायचा की बाहेर रस्त्यावरचा माणूस सायकल थांबवायचा. खरी गोष्ट अशी होती, की मंडळातल्या म्हाताऱ्यांचे गळे कधीच थकले होते. काळी तीन एकटं ते पोर धरायचं आणि बाकीचे त्याच्याखाली आडोशाला उभे राहिल्यासारखे गायचे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. स्पर्धेत मिळालेल्या स्टीलच्या घागरी आमच्या फडताळावर ओळीने आहेत. त्या त्याच्या गळ्याच्या आहेत.

नववीत त्याचा आवाज फुटला. पहिल्यांदा जेवताना. “आई, भाजी वाढ,” म्हणाला आणि ‘वाढ’ हा शब्द भलत्याच माणसाने म्हटल्यासारखा आला. आम्ही सगळे हसलो, तोही हसला. दुसऱ्यांदा तालमीत फुटला, तेव्हा कोणी हसलं नाही.

“थंडं पाणी पेला असन,” मामाजी म्हणाले.

मग घरात फ्रिजच्या बाटल्या बंद झाल्या. ज्येष्ठमध आला. मिऱ्याचं तूप आलं. माझ्या जाऊबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. पोरगा मुकाट सगळं गिळत होता. शाळेत मी त्याला म्हटलं, “थोडे दिवस मागच्या बाकावर बस.”

“मी बिघडलो नाई, मॅडम.”

“बिघडलं कोणीच नाही रे. तुझा आवाज मोठा होऊन राह्यला. मिशा येतात तसा.”

“आबा म्हणते सर्दी हाय.”

“आणि तुला काय वाटतं?”

तो खिडकीकडे वळला. मग हळू म्हणाला, “सर्दी नसन तर मंग मंडळात मले कोन बसू देईन, काकू?”

शाळेत त्याने मला काकू म्हटलं, तेव्हाच मला समजायला हवं होतं की हा माझ्या वर्गात मिटणारा प्रश्न नाही. पण मी शिक्षिका. आम्हाला वाटतं, समजावून सांगितलं की माणसं समजतात.

मामाजींना समजावलं. चहाचा कप हातात देऊन, पदर सावरून, सुनेने बोलायचं तसं. “मामाजी, एक वर्ष काळी एकवर गाऊ द्या त्याला. या वयात गळा ताणला की दुखावतो. आवाज बसला की पुन्हा पाहू.”

मामाजींनी कप खाली ठेवला. “सूनबाई, शायेतलं शायेत ठेवा.”

नवऱ्याला सांगितलं. आमचे हे भेंडीचे कट्टे बांधत होते. मान वर न करता म्हणाले, “मले आबानं मनासारखी मोटरसायकल घेऊ देली नाई आन् तू त्यायची पट्टी बदलाले निंघाली!”

स्पर्धा जवळ आली. इंद्रवेल्लीच्या अलीकडच्या एका गावात होती, कापूस घरात आल्यावर घेतात तशी. आणि नेमका त्याच सुमारास उंदरांनी मंडळाच्या पेटीचा भाता कुरतडला. उंदीर कोणाचं वाहन आहे ते मला माहीत आहे, त्यामुळे हा कौल माझ्याच बाजूने आहे, असं मी धरून चालले. घरात नव्या भात्याची घाई सुरू झाली. मी म्हटलं, शाळेची पेटी आणते.

शाळेची पेटी नव्या पद्धतीची होती. आत एक दांडी असते. ती सरकवली की पट्ट्या त्याच राहतात, पण सूर खाली किंवा वर जातो. बोट काळी तीनवर ठेवा, सूर निघतो काळी दोनचा. बाहेरून काही दिसत नाही. मी हेडमास्तरांच्या पाया पडायचंच बाकी ठेवून पेटी घरी आणली, दांडी सरकवली आणि झाकण लावलं. मामाजींनी शाळेच्या मालमत्तेवर, तिसऱ्या काळीवर, यथासांग कुंकू लावलं.

तालीम सुरू झाली. मी आत चहाला आधण ठेवून कान देऊन उभी. पोराने सा लावला आणि तो बसला. ताणला नाही, करकरला नाही, बसला. वरची जागा घेताना जरा थरथरला, पण सावरला. आणि मग माझी पंचाईत झाली, कारण बाहेर म्हाताऱ्यांनाही गाणं जमायला लागलं.

“आज गया कसा मोकया लागून राह्यला बाप्पा!” एक जण गळ्यावरून हात फिरवत म्हणाला.

“मायाबी. कालपासून मध घेऊन राह्यलो ना.”

“मधानं नाई रे. पेटी पायगुनाची हाय.”

मामाजी तर दोन भजनं जास्तीची म्हणाले. मी पदर तोंडात धरून हसत होते. इतक्या वर्षांत त्या मंडळाला पहिल्यांदा कोणीतरी गायला शिकवलं होतं आणि ते मी होते, चुलीपाशी उभी राहून. चहा द्यायला बाहेर गेले तेव्हा पोराने माझ्याकडे पाहिलं. त्याचा कान पक्का होता. त्याला कळलं होतं. कपामागून तो किंचित हसला. ते हसू मी फार दिवस पुरवून वापरलं.

मी सगळ्याचा विचार केला होता, एक तबला सोडून. घरच्या तालमीत खंजिरी आणि जुनी ढोलकी, त्यांना सुराशी काही देणंघेणं नव्हतं. स्पर्धेत तबला आयोजकांचा असतो आणि त्यांचा तबलजी प्रत्येक मंडळाची पट्टी विचारून त्या पट्टीला लावलेला तबला पुढे ओढतो. मंडळात बसलेल्या कोणालाही हे ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी मंडळात कधी बसलेच नव्हते.

दुपारची वेळ. मांडवात एका बाजूला बायका, त्यांत मी आणि जाऊबाई. आमचं मंडळ टोप्या घालून वर बसलं, पेटी मामाजींच्या पुढ्यात. पोराला मधोमध बसवलं होतं, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. तबलजी म्हणाला, “पट्टी?”

मामाजींनी माइक स्वतःकडे ओढला. “काळी तीन! आमाले दुसरी पट्टी नाई.”

टाळ्या पडल्या. तबलजीने थाप मारली, कपाळाला आठी घातली, हातोडीने ठोकून पाहिलं, पुन्हा थाप मारली. मग पेटीपाशी कान नेला. माइक चालूच होता. माझा जन्म माइक चालू-बंद करण्यात गेला, आणि जो एक माइक बंद असायला हवा होता तिथवर माझा हात पोचत नव्हता.

“बुवा, बोट काळी तीनवर हाय,” तबलजी म्हणाला, “पन सूर काळी दोनचा निंघून राह्यला.”

एक क्षण कोणाला काही कळलं नाही. मग शेजारच्या गावच्या मंडळातून आवाज आला, “पागोटं घरी इसरले वाट्टे!”

मांडव हसला. त्यांचा पेटीवाला उठून वर आला, झाकण उघडून दांडी दाखवली आणि अदबीने बाजूला उभा राहिला. मामाजींनी बायकांच्या बाजूला पाहिलं. मला शोधावं लागलं नाही त्यांना. मग ते पोराकडे वळले.

“तुले ठाऊक होतं?”

पोराने माझ्याकडे पाहिलं. कपामागून पाहिलं होतं तसं नाही.

“नाई, आबा.”

“मंग घे काळी तीन.”

मी उभी राहिले. “मामाजी, नका...” एवढंच तोंडातून निघालं. शेजारच्या म्हातारीने माझा पदर धरून खाली ओढलं. “बस व माय! बाप्यायच्या कामात कायले तोंड घालते?”

दांडी जागेवर सरकली. पोराने सा लावला. आणि खरं सांगते, पहिली ओळ त्याने घेतली. कशी घेतली देव जाणे, सगळा जीव मानेत आणून घेतली. मामाजींची मान ताठ झाली. अंतऱ्याला तो वर गेला आणि तिथे आवाज तुटला. चपलेचा अंगठा तुटतो तसा, फट्कन. त्याने पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा वरून काहीच आलं नाही. खालून एक जाड, अनोळखी सूर आला, बैलाने मान हलवावी तसा, आणि थांबला.

आमच्या शाळेची पोरं मांडवाच्या कडेला होती. त्यांच्यातला एक कोंबड्यासारखा आरवला. मग सगळेच आरवले.

म्हाताऱ्यांनी भजन पुरं केलं. ते कसं केलं ते मी सांगणार नाही. पोर मधोमध बसून होतं, ओठ हलवत.

येताना टेम्पोत पेटी माझ्या मांडीवर होती.  घराच्या दारात उतरल्यावर जाऊबाई एवढंच म्हणाल्या, “बाई, गावात आता तोंड कसं दाखवीन तो?” उत्तर मिळावं म्हणून विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पालक निवडत बसले होते. पोरगा आला, समोर उभा राहिला.

“काकू, तुमी काऊन केलं असं?”

“तुझ्या गळ्यासाठी केलं रे.”

“मी सूर चढोला असता. तुमी पेटी उतरोली म्हून मायी सवय तुटली.”

मी समजावलं. फळ्यावर समजावते तसं, हातवारे करून, गळ्यात काय असतं, ते कसं वाढतं. तो ऐकत होता. पण त्याच्या दृष्टीने दोनच गोष्टी शक्य होत्या, त्याचा गळा खोटा किंवा माझी पेटी खोटी. चौदा वर्षांच्या मुलाने यातलं काय निवडावं? घरानेही तेच निवडलं. अजूनही आमच्याकडे पाहुण्यांना सांगताना गोष्ट अशीच सांगतात, की पोराचा गळा सोन्याचा होता, पण शाळेच्या पेटीनं घात केला. सांगताना माझं नाव घेत नाहीत. एवढी माझी इज्जत ठेवतात.

सोमवारी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत आरवणं झालं. हेडमास्तरांनी मला बोलावून पेटीवरचा लाल डाग दाखवला. “मॅडम, ही स्कूलची वस्तू आहे.” मी खोबरेल लावून पुसला. काळ्या पट्टीवरून निघाला, पण शेजारच्या पांढरीवर ओघळ गेला होता, तो फिका गुलाबी राहिलाच.

माझ्या तासाला पोरगा पुढेही बसला नाही आणि मागच्या बाकावरही बसला नाही. तो भलतीकडे उपयोगी पडला. आतापर्यंत तास मागायला गणिताचे सर माझ्या दारात यायचे. आता माझाच पुतण्या स्टाफरूममध्ये जाऊन त्यांना म्हणायचा, “सार, मॅडमचा पिरेड हाय. म्याथ्स घ्या ना.” सर आले की मला म्हणायचे, “मॅडम, मुलांचीच डिमांड आहे.” मी पेटी उचलायची. गणितात त्याला चांगले मार्क पडले, हेही सांगायला हवं.

आता तो इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे. सुट्टीच्या दिवशी बाजारात आमच्या जागेवर बसतो. एकदा मी डबा घेऊन गेले, तेव्हा तो गिऱ्हाइकाला टमाट्याचा भाव सांगत होता. मी मागेच थांबले. आवाज बसलाय. खाली, गोल, भरलेला, विहिरीत कोणी बोलावं तसा. इतकी वर्षं वर्गात मुलांचे आवाज ऐकतेय, असा एक आला नाही. मी मनातल्या मनात त्याची पट्टी काढली. काळी एकच्याही खाली. आमच्या भागात त्या सुरावर गाणारं एकही मंडळ नाही. असला आवाज कोणी मागतच नाही. तो त्यावर टमाटे विकतो.

गेल्या दसऱ्याला नवा भाता बसवलेल्या पेटीला कुंकू लावून झालं आणि मामाजींनी मला हाक मारली. त्या स्पर्धेनंतर गाण्याविषयी ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

“सूनबाई, पोरीचा गया फुटत नाई म्हन्ते ना?”

माझी मुलगी पाचवीत आहे. मला समजायला वेळ लागला नाही. “मुलींचा थोडा बदलतो. मुलांसारखा नाही. पण मामाजी, मंडळात बायका बसत नाहीत ना?”

“बाई कुठी हाय ते? पोरगी हाय. शहानी होयेपरेंत चालते.”

म्हणजे गळा फुटला नाही तरी मुदत आहेच, फक्त ती गळ्यात नाही. मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण मुलगी मामाजींची टोपी डोक्यावर घालून आरशासमोर उभी होती, आणि मी जिथे इतकी वर्षं नुसता चहा पोचवला तिथे तिला बसायला मिळणार होतं. मी गप्प बसले. वर तिला पहिला सा मीच लावून दिला. तिला काळी तीन सोपी जाते. लोण्यातून सुरी जावी तशी जाते.

त्या संध्याकाळी तालीम चालू होती. ती मधोमध, टोपीत. भोवती म्हातारे, शिरा ताणून. पोरगा ओट्याच्या पायरीवर बसून होता, कानात इयरफोन. मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्यापाशी थांबले आणि हळूच म्हटलं, “नुसतं धृपद धर ना रे. खालून. तुझ्या आवाजात शोभेल.”

त्याने एका कानातला इयरफोन काढला.

“काकू,” तो म्हणाला, त्या आवाजात, “मी गॅरेजमधी हाय.”

मी वाट पाहिली, हसेल म्हणून. त्याने इयरफोन परत कानात घातला. मागे ओट्यावर वरचा सा लागला होता आणि मामाजी चहासाठी हाका मारत होते.